कॅनडा, ऑस्ट्रेलिया की जर्मनी? मुलाबाळांसह बिऱ्हाड हलवण्याआधीची तुलना

परदेशी स्थायिक व्हायचं ठरलं की घरात पहिला हिशोब होतो तो पगाराचा. किती मिळेल, हातात किती उरेल, इथल्या किती रुपयांइतकं होईल. एकट्या माणसाला तेवढा हिशोब पुरतो. चौघांच्या कुटुंबाचा निर्णय मात्र दुसऱ्याच दोन प्रश्नांवर ठरतो. जोडीदाराला तिथे स्वतःच्या पेशात काम करता येईल का? आणि थोरलं मूल आज किती वर्षांचं आहे? पगार व्यवस्थित असूनही घर अस्वस्थ राहतं ते बहुधा याच दोन जागी. म्हणून इथे तुलना त्याच क्रमाने केली आहे.

तीनच देश का, तेही सांगायला हवं. अमेरिकेत भारतात जन्मलेल्या माणसासाठी नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की मूल २१ वर्षांचं होऊन आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडण्याची भीती खरी आहे. ब्रिटनने जुलै २०२५ पासून कुशल कामगार व्हिसाची पगारमर्यादा ४१,७०० पौंडांवर नेली आणि कायम वास्तव्याची अट पाचावरून दहा वर्षांकडे नेण्याचं धोरण मांडलं. दुबईत पैसा साठतो, पण तिथलं वास्तव्य सहसा नोकरीशी बांधलेलं असतं आणि नागरिकत्वाचा नेहमीचा मार्ग नाही. साठवून परत यायचं असेल तर दुबई उत्तम, मुळं रोवायची असतील तर नाही. कुटुंबासह कायमचं राहण्याचा रस्ता स्पष्ट लिहिलेला आहे असे देश म्हणून कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनी उरतात.

आधी पीआर की आधी नोकरी

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया गुणांवर निवड करतात आणि नोकरी हातात नसतानाही कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे पीआर, देतात. जर्मनीत उलटं आहे. आधी नोकरीचा करार, मग ब्लू कार्ड (उच्चशिक्षित कामगारांचा वास्तव्य-परवाना), आणि पीआर नंतर. हा फरक कागदावर लहान दिसतो, पण सगळी जोखीम त्यातच आहे. पहिल्या दोन देशांत तुम्ही हक्क घेऊन उतरता आणि बचतीवर जगत नोकरी शोधता. जर्मनीत पहिल्या महिन्यापासून पगार सुरू होतो, पण सुरुवातीच्या काळात नोकरी गेली तर परवानाच डळमळतो. ज्यांच्याकडे बचत कमी आहे आणि पेशा पक्का आहे त्यांना जर्मनीचा क्रम सोयीचा. ज्यांना दोघांनीही काम करायचं आहे आणि मालकावर अवलंबून राहायचं नाही, त्यांना पहिला.

एकाच कुटुंबाचं गणित तिन्ही ठिकाणी मांडून पाहू. नवरा ३३ वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर, मास्टर्स, भारतातला सहा वर्षांचा अनुभव. बायको पदवीधर, इंग्रजी दोघांचंही चांगलं. मुलं दोन.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर चालणाऱ्या निवडयोजनेत, हे गुण असे पडतात: वयाचे ८०, मास्टर्सचे १२६, आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेत ऐकण्याला ८ आणि बाकी तिन्हींना ७ असतील तर इंग्रजीचे ११६. बायकोच्या पदवीचे ८ आणि तिच्या इंग्रजीचे २०. शिक्षण आणि अनुभव यांची भाषेशी सांगड घालून मिळणारे १००. एकूण ४५०. पूर्वी एवढ्यावर पीआरच्या अर्जाचं निमंत्रण येत असे. २०२५ मध्ये कॅनडातच काम केलेल्यांसाठीच्या निवड-फेऱ्यासुद्धा पाचशेच्या वर थांबत होत्या, आणि नोकरीच्या ऑफरचे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले गेले. म्हणजे भारतात बसून, नुसत्या इंग्रजीच्या जोरावर हे कुटुंब आज आत जात नाही. दोनच दारं उघडी राहतात. एक, एखाद्या प्रांताचं नामांकन, त्याचे थेट ६०० गुण. दुसरं, फ्रेंच. चारही कौशल्यांत कॅनडाच्या मापाने सातवी पातळी गाठली तर १२ अधिक ५० असे ६२ गुण वाढतात, शिवाय फ्रेंच जाणणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्यांत बसता येतं. २०२५ मध्ये त्यातली एक ३७९ वर उतरली होती. शून्यापासून या पातळीला पोचायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष तरी धरावं. ज्याला भाषा शिकण्याची आवड आहे त्याच्यासाठी कॅनडाचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि आपल्याकडे तो फार कमी जण गांभीर्याने घेतात.

ऑस्ट्रेलियात त्याच माणसाला वयाचे २५ मिळतात. तेहतिसावा वाढदिवस उलटला की ३० चे २५ होतात आणि चाळिसावा उलटला की १५. निमंत्रण येतं त्या दिवशीचं वय धरतात, अर्जाची नोंद केली त्या दिवशीचं नाही, हे बरेच जण विसरतात. शिक्षणाचे १५. अनुभवात मोठी चूक होते ती इथे: संगणक क्षेत्राची तपासणी करणारी एसीएस ही संस्था पदवी कामाशी जुळत असली तरी सहसा पहिली दोन वर्षं वजा करते. सहाची चार होतात आणि गुण १० ऐवजी ५ पडतात. इंग्रजीत प्रत्येक भागात ७ असतील तर १०, ८ असतील तर २०. जोडीदाराच्या पेशाचीही तपासणी झाली, त्याचं वय ४५ खाली असलं आणि इंग्रजी पुरेसं असलं तर १०.

आणि मराठी माणसासाठी खास पाच गुण आहेत. नाटी संस्थेची सीसीएल ही दुभाषी परीक्षा मराठीत देता येते. दोन संवाद असतात, प्रत्येक सुमारे ३०० शब्दांचा. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत तोंडी उतरवायचे. ९० पैकी ६३ हवेत आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. घरात मराठी बोलणारे यात नापास होतात ते दोन कारणांनी: विमा, न्यायालय, दवाखाना, भाडेकरार यांचे मराठी शब्द तोंडात नसतात, आणि ऐकताना टिपणं काढायची सवय नसते. महिनाभर रोज दोन संवादांचा सराव केला तर परीक्षा आवाक्यात आहे.

हे सगळं धरून, इंग्रजी आठच्या पातळीचं असेल तर बेरीज ८० होते. किमान पात्रता ६५ असली तरी आयटीवाल्यांना १८९ या स्वतंत्र व्हिसासाठी अलीकडे नव्वदीच्या आसपास लागले आहेत. नर्स, शिक्षक आणि बांधकामातले कुशल कारागीर यांना बरेच कमी पुरतात. राज्याच्या नामांकनाने (१९० व्हिसा) ५ वाढून ८५, आणि प्रादेशिक ४९१ व्हिसाने १५ वाढून ९५. प्रादेशिक म्हणजे खेडं नव्हे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून सगळं त्यात येतं: पर्थ, अॅडलेड, कॅनबेरा, गोल्ड कोस्ट, होबार्ट. पण ४९१ तात्पुरता, पाच वर्षांचा व्हिसा आहे. तीन वर्षं राहून, कर भरून मग पीआर. त्याची किंमत मुलांच्या संदर्भात पुढे येते.

जर्मनीत गुण नाहीत. ब्लू कार्डाला मान्यताप्राप्त पदवी आणि ठरावीक पगार हवा: २०२६ साठी वर्षाला ५०,७०० युरो, आणि टंचाईचे पेशे किंवा नुकतीच पदवी घेतलेले असतील तर ४५,९३४ युरो. आयटीत पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांतला तीन वर्षांचा अनुभव चालतो. विद्यापीठ आनाबिन या जर्मन यादीत "एच प्लस", म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का ते आधी पाहायचं. पदवी तिथे दिसत नसेल तर झेडएबी या कार्यालयाकडून पत्र घ्यावं लागतं. पीआर २७ महिन्यांत, आणि जर्मन बी१ पातळी (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली तिसरी) गाठली तर २१ महिन्यांत. आधी नोकरी आणि मग पीआर या वाटेने जाणाऱ्यासाठी हा छोटा आणि स्पष्ट लिहिलेला रस्ता आहे. अडचण पहिल्या पायरीची आहे: नोकरी. पुण्याच्या वाहन उद्योगातल्या, जर्मन कंपन्यांसोबत काम केलेल्या इंजिनिअरला ती तुलनेने लवकर मिळते. इंग्रजीवर चालणाऱ्या आयटीच्या जागा मुख्यतः बर्लिन आणि म्युनिकमध्ये, आणि त्यांच्यासाठी साऱ्या जगातून अर्ज येतात. बी१ ते बी२ जर्मन असेल तर श्टुटगार्ट, न्युर्नबर्ग, हॅनोव्हर आणि त्यांच्या आसपासचे मध्यम कारखाने खुले होतात. यातलं श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करारही केला.

शुल्कातला फरक मोठा आहे. चौघांच्या कुटुंबाला ऑस्ट्रेलियाच्या १८९ साठी २०२५-२६ च्या दराने ९,८२५ ऑस्ट्रेलियन डॉलर, कॅनडाला २०२४ मध्ये ठरलेल्या दराने ३,५७० कॅनेडियन डॉलर, जर्मनीच्या व्हिसांना २२५ युरो. ऑस्ट्रेलियात एक छुपा खड्डा आहे. जोडीदाराचं इंग्रजी "कामचलाऊ" आहे हे सिद्ध झालं नाही तर आणखी ४,८९० डॉलर भरावे लागतात. पदवीचं माध्यम इंग्रजी असल्याचं कॉलेजचं पत्र किंवा साधी परीक्षा एवढ्याने ते वाचतात, पण पत्र वेळेत मागून ठेवायला हवं.

जोडीदाराचा पेशा

तिन्ही देशांत पीआरधारकाच्या किंवा ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करायची मुभा आहे. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची ए१ परीक्षाही द्यावी लागत नाही. पण मुभा असणं आणि पेशा चालू राहणं यांत अंतर आहे.

शिक्षिकेचं उदाहरण घ्या, कारण मराठी घरांत ते फार आढळतं. ऑस्ट्रेलियात एआयटीएसएल या शिक्षकांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेची तपासणी लागते: चार वर्षांचं उच्च शिक्षण, त्यात देखरेखीखालचा किमान ४५ दिवसांचा अध्यापन-सराव, आणि आयईएलटीएसमध्ये वाचन-लेखनाला ७, ऐकणं-बोलण्याला ८. ही अट कडक असली तरी स्पष्ट आहे, आणि ती पार केली की शिक्षकांना मागणी खरोखर आहे. सरावाचे दिवस बीएडच्या कॉलेजकडून लेखी घेताना अडचण येते. प्रमाणपत्रावर आकडा नसतो, म्हणून तारखांसह वेगळं पत्र मागायचं. कॅनडात प्रत्येक प्रांताची नोंदणी वेगळी, आणि पहिली एक-दोन वर्षं बहुधा बदली शिक्षक म्हणून जातात. जर्मनीत शाळेत शिकवायला दोन विषय आणि अतिशय प्रगत जर्मन हवं. बीएड झालेल्या व्यक्तीने तिथे बालवाडी सहायक किंवा भाषावर्ग असा दुसरा रस्ता धरण्याची मानसिक तयारी आधीच ठेवावी.

डॉक्टरांची वाट तिन्हीकडे लांब आहे, पण सर्वांत लांब कॅनडात. परीक्षा देऊनही निवासी प्रशिक्षणाच्या जागा परदेशी पदवीधरांना थोड्या मिळतात. ऑस्ट्रेलियात एएमसी या वैद्यकीय परिषदेची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, जर्मनीत सामान्य जर्मन बी२ आणि वैद्यकीय भाषेची सी१ पातळीची परीक्षा, मग ज्ञान-परीक्षा. जर्मनीतला रस्ता भाषेने अवघड आहे, पण जागांनी अडलेला नाही. नर्सना तिन्ही देश हात पसरून घेतात. चार्टर्ड अकाउंटंटला करकायदा नव्याने शिकावा लागतो, आणि वकिलाला तर जवळजवळ शून्यापासून. संगणक, डेटा, डिझाइन यांना परवाना लागत नाही, म्हणून जोडीदार त्यातला असेल तर हा प्रश्न सर्वांत हलका.

निर्णयाआधी एक काम अवश्य करा: कोण मुख्य अर्जदार हे पुरुष म्हणून गृहीत धरू नका. दोघांची गुणांची दोन गणितं मांडा. बायको तीन वर्षांनी लहान, नर्स किंवा शिक्षिका असेल तर बऱ्याचदा तिचाच अर्ज पुढे जातो.

मुलाचं वय

मूल सहाच्या आत असेल तर तिन्ही देश चालतात, आणि जर्मनी त्यात सर्वांत मायाळू ठरतो. पहिल्या वाढदिवसापासून बालवाडीत, म्हणजे किटात, जागेचा कायदेशीर हक्क आहे. बर्लिनमध्ये शिक्षणशुल्क नाही. मूल वर्षभरात जर्मन बोलू लागतं आणि पहिलीत बरोबरीने बसतं. हक्क असला तरी जागा लगेच मिळत नाही. मोठ्या शहरांत महिनोन्‌महिने थांबावं लागतं, आणि तोवर जोडीदार घरी अडकतो.

आठ ते दहा या वयात जर्मनीबद्दल फार विचार करावा. बहुतेक राज्यांत चौथीनंतर (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर) मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियुमची शिफारस मुख्यतः जर्मन आणि गणिताच्या गुणांवर असते. तिसरीत पोचलेलं हुशार मूल दीड वर्षात भाषा शिकतं, पण त्या शिफारशीला पुरेल इतकी नाही. पुढे शाळा बदलता येते, वाट बंद होत नाही, पण मुलाच्या मनावर मधली वर्षं जड जातात. या वयाचं मूल असेल आणि जर्मनीच हवं असेल तर बर्लिन निवडावं, दोन वर्षं जास्त मिळतात. तेरा-चौदाच्या पुढे मूल असेल तर आमचं स्पष्ट मत आहे की इंग्रजी बोलणारा देशच बघावा.

कॅनडात मूल वयानुसार इयत्तेत बसतं, भाषेची वेगळी मदत मिळते, आणि विभागणी होत नाही. ओंटारिओत बारावीचे निवडक सहा विषय विद्यापीठ-प्रवेश ठरवतात, त्यामुळे दहावी करून गेलेल्या मुलालाही सावरायला वेळ असतो. शिक्षणवर्ष सप्टेंबरला सुरू होतं. ऑस्ट्रेलियात वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं आणि डिसेंबरला संपतं. मार्चमध्ये दहावी दिलेलं मूल जुलैत नेलं तर ते दहावीच्या अर्ध्यात बसतं किंवा अकरावीच्या मध्यावर, आणि दोन्ही वाईट. विद्यापीठ-प्रवेशाचा एटीएआर हा क्रमांक मुख्यतः बारावीच्या गुणांवर ठरतो आणि अकरावी त्याची तयारी असते, तेव्हा जानेवारीतच उतरावं.

आता ४९१ ची किंमत. पीआर असलेल्या घरातलं मूल ऑस्ट्रेलियात विद्यापीठाला देशी दराने शिकतं (शुल्क मात्र आधी भरावं लागतं, सरकारी शिक्षणकर्ज नागरिकांनाच). ४९१ वरचं मूल परदेशी विद्यार्थ्याच्या दराने शिकतं, आणि ते अनेक पट असतं. बालसंगोपनाचं सरकारी अनुदानही ४९१ ला नाही. म्हणजे मूल चार वर्षांचं असो की सोळाचं, तात्पुरत्या व्हिसाची तीन वर्षं नेमकी महागात पडतात. मधल्या, सात ते तेरा वर्षांच्या मुलांच्या घराला तो व्हिसा सर्वांत कमी बोचतो. पंधरा वर्षांचं मूल असेल तर १९० साठी आणखी सहा महिने थांबणं परवडेल.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, पण तिथेच शाळा करून आबिटुर (तिथली शालान्त परीक्षा) घेतलेल्याला ते लागू नाही. उलट, भारतात बारावी करून थेट जर्मन विद्यापीठात जाणं सहसा जमत नाही. इथे एक वर्ष पदवीचं किंवा तिथलं तयारीचं वर्ष लागतं.

मुलाला दीर्घ आजार किंवा अपंगत्व असेल तर हा मुद्दा सगळ्यांच्या वर ठेवा. ऑस्ट्रेलियात घरातल्या एकाची वैद्यकीय अट नापास झाली तर अख्ख्या कुटुंबाचा अर्ज जातो. उपचार आणि सेवांवर सरकारला येणाऱ्या अंदाजित खर्चाची मर्यादा जुलै २०२४ पासून ८६,००० डॉलर आहे. कॅनडातही मर्यादा आहे, पण २०१८ पासून विशेष शिक्षणाचा खर्च त्यात धरत नाहीत, त्यामुळे स्वमग्न किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांच्या घरांना तिथे वाव जास्त. जर्मनीच्या ब्लू कार्डात अशी खर्चाची कसोटीच नाही, आणि हे फार थोड्या कुटुंबांना माहीत असतं.

पहिल्या वर्षाचा पैसा आणि घर

कॅनडा चौघांसाठी २८,३६२ डॉलर (२०२५ चा आकडा, साधारण अठरा लाख रुपये) दाखवायला सांगतो. ही दाखवायची रक्कम आहे, जगण्याची नव्हे. टोरांटोत दोन बेडरूमच्या घराचं महिन्याचं भाडं अडीच ते तीन हजार डॉलरच्या आसपास जातं आणि पहिली नोकरी तीन ते सहा महिने घेते. हातात तीस लाखांहून कमी असतील तर टोरांटो किंवा व्हँकुव्हरऐवजी कॅल्गरी, एडमंटन, विनिपेग यांचा विचार करा. अल्बर्टात डेकेअरचा मासिक दर २०२५ पासून ३२६ डॉलर ठरलेला आहे, ओंटारिओत दिवसाला कमाल २२. मुलांचा भत्ता (२०२५-२६ मध्ये सहाच्या आतल्या मुलाला वर्षाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर) पीआर असलेल्यांना लगेच मागता येतो. पुढे तो थांबतो याचं नेहमीचं कारण म्हणजे दोघांपैकी न कमावणाऱ्याने करविवरणपत्र भरलेलं नसतं.

ऑस्ट्रेलियात भाडं आठवड्याचं सांगतात. सातशे ऐकून स्वस्त वाटतं, महिन्याचं तीन हजार होतं. अनामत चार आठवड्यांची. कुटुंब-भत्त्यासाठी वर्षभर आणि बेकारी-भत्त्यासाठी चार वर्षं थांबावं लागतं, पण बालसंगोपनाचं अनुदान पीआरला लगेच मिळतं. त्यासाठी मुलाचं लसीकरण तिथल्या नोंदवहीत चढवावं लागतं. भारतातलं लसीकरणाचं कार्ड तारखा वाचता येतील असं, डॉक्टरच्या शिक्क्यासह घेऊन जा.

जर्मनीत पगार आणि हातात पडणारी रक्कम यांतला फरक पहिल्यांदा धक्का देतो. वर्षाला ६०,००० युरोचा करार, एकच कमावता आणि करवर्ग तीन (अशा जोडप्यांसाठीचा कमी कपातीचा वर्ग), तर महिन्याला साधारण ३,५०० युरो हातात येतात. त्यात दर मुलामागे महिन्याला २५९ युरो किंडरगेल्ड, म्हणजे मुलांचा भत्ता, धरा. शिवाय न कमावणारा जोडीदार आणि मुलं यांचा आरोग्यविमा सरकारी योजनेत वेगळे पैसे न भरता होतो. एका पगारावर चालणाऱ्या घराला हे फार मोलाचं आहे. भाडं ऐकताना "काल्ट" की "वार्म" ते विचारा. वार्म म्हणजे हीटिंग आणि सामाईक खर्च धरून. अनामत तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकी असू शकते, आणि घरात स्वयंपाकघराचा ओटा-कपाटं नसणं सामान्य आहे. सर्वांत जास्त कुटुंबं अडतात ती पत्त्याच्या नोंदणीवर. दोन आठवड्यांत आनमेल्डुंग करायची, त्याला घरमालकाचं लेखी पत्र लागतं, आणि सुट्टीसाठीच्या घरांचे मालक सहसा ते देत नाहीत. नोंदणी अडली की करक्रमांकापासून किटाच्या अर्जापर्यंत सगळं अडतं. म्हणून कंपनीकडून पहिल्या दोन-तीन महिन्यांचं नोंदणीयोग्य घर मागून घ्या; ऑफर स्वीकारण्याआधी मागितलं तर ते बहुधा मिळतं.

आईवडील

एकुलत्या मुलाच्या घरात हा मुद्दा शेवटी नव्हे, आधी यावा. कॅनडाचा सुपर व्हिसा सध्या सर्वांत व्यवहार्य आहे: एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा हवा. आईवडिलांच्या पीआरची सोडत मात्र अनेक वर्षं २०२० मध्ये नाव नोंदवलेल्यांमधूनच चालली. ऑस्ट्रेलियात निम्मी तरी मुलं तिथे असावी लागतात, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त. एक मुलगा तिथे आणि दोघी बहिणी महाराष्ट्रात असतील तर कायमचा पालक-व्हिसा बादच. ज्यांना चालतो त्यांनाही हजारो डॉलर आणि दहा वर्षांहून मोठी रांग. तात्पुरता ८७० व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा, एकूण दहापर्यंत. जर्मनीने मार्च २०२४ पासून नव्याने परवाना घेणाऱ्या कुशल कामगारांना आईवडील आणि सासूसासरे आणायची मुभा दिली आहे. अडतं ते विम्यावर: पासष्टीच्या पुढच्या माणसाला पूर्ण आरोग्यविमा देणारी कंपनी मिळणं कठीण आणि हप्ता जड.

मग कोणी कुठे जावं

मूल सहाच्या आत, एकच पगार, बचत बेताची आणि पेशा यांत्रिक, वाहन, विद्युत किंवा आरोग्याचा असेल तर जर्मनी. दोघांचेही पेशे तिथल्या यादीत असतील, वय तेहतिशीच्या अलीकडे असेल आणि त्यातली एक शिक्षिका किंवा नर्स असेल तर ऑस्ट्रेलिया, आणि शक्यतो १८९ किंवा १९० वरच. किशोरवयीन मुलं असतील, मुलाला विशेष शिक्षण लागत असेल, किंवा म्हाताऱ्या आईवडिलांना दरवर्षी सोबत ठेवायचं असेल तर कॅनडा, पण त्यासाठी फ्रेंचची किंवा प्रांताच्या नामांकनाची तयारी हवी. विद्यार्थी व्हिसावर जाऊन पुढे बघू, हा कुटुंबासाठी आज कॅनडात चांगला बेत नाही. २०२४ पासून तिथे विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा आहे आणि बहुतेक अभ्यासक्रमांना जोडीदाराचा कामाचा परवाना मिळत नाही.

कागद, जे इथूनच करायचे

देश कुठलाही ठरो, महाराष्ट्रातल्या कागदांची एक ठरलेली अडचण आहे: नाव. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, शेवटी आईचं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर पदवी माहेरच्या नावाने. वेससारख्या पदवी-मूल्यमापन संस्थेत किंवा व्हिसा कार्यालयात हे तीन वेगळे लोक वाटू शकतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र एकत्र लावा, आणि अर्जात सर्व ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव लिहा. पासपोर्टात जोडीदाराचं नाव घालायला आता संयुक्त फोटोचं घोषणापत्र चालतं, व्हिसाला मात्र नोंदणीचा दाखलाच लागतो.

मुलांच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी राहिलेली असणं फार सामान्य आहे. नाव जन्मापासून पंधरा वर्षांच्या आत विलंब शुल्क भरून घालता येतं. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत हे काम अर्जाच्या चार महिने आधी उरका. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला बहुतेक कागद स्कॅन करून चालतात. जर्मनीत भारतीय अपॉस्टील (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) मान्य नाही. त्यांचं वाणिज्य दूतावास गरज वाटल्यास कागदांची स्वतंत्र पडताळणी करतो आणि तिला काही महिने लागतात, त्यामुळे शिक्का मारून देणाऱ्या दलालाला पैसे देण्याआधी हे लक्षात घ्या.

बँकेची आणि जमिनीची कामं निघण्याआधीची. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचं रुपयातलं खातं, करावं लागतं. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते. गावच्या सातबाऱ्यावर वारसनोंद बाकी असेल तर ती फेरफारासह पूर्ण करून मगच निघा. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो आणि ओसीआय कार्डावरही (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) शेतजमीन खरेदीची मनाई कायम राहते. ऑस्ट्रेलियात नागरिकत्वाला चार वर्षांचं वास्तव्य लागतं, कॅनडात पाच वर्षांतले १,०९५ दिवस, जर्मनीत पाच वर्षं आणि बी१. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केलं असलं तरी भारत ते मानत नाही. म्हणून भावंडांसोबतच्या जमिनीची वाटणी व्हायची असेल तर ती पासपोर्ट बदलण्याआधी, सगळे सही करायला इथे असताना उरकलेली बरी.